कालच्या सेटिंगवर आजची हळद

वाचकाचं पत्र: मी नंदगडजवळ राहतो. लग्नाच्या लहान-सहान ऑर्डरी घेतो. कॅमेरा सेकंडहँड, सोबत किट लेन्स, एक ५० मिमीची लेन्स आणि साध्या ट्रिगरवर, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणाऱ्या छोट्या यंत्रावर, चालणारा फ्लॅश. शिवजयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ रात्रभर बेळगावात काढले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थेट चुलतभावाच्या हळदीला उभा राहिलो. मांडवातले फोटो पांढरे फटक आले, ओसरीवरचे निळसर. वहिनींनी बघून विचारलं, "काय ओ भाऊजी, मी काय अशी निळी दिसतोय?" लग्नात ऐन मुहूर्ताला कार्ड लॉक असल्याचा संदेश आला. फ्लॅश तीन फोटोंत एकदा पेटायचा, आणि पेटला त्यातल्या काही फोटोंत एका कडेला काळा पट्टा. आता पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडे जायचं आहे. घरचे म्हणतात कॅमेरा बदल. बदलू का? आणि निघण्याआधी नेमकं काय तपासायचं?

उत्तर: कॅमेरा बदलू नका. पत्रात पाच तक्रारी आहेत आणि त्यातली एकही कॅमेरा जुना झाल्यामुळे आलेली नाही. नवा घेतलात तरी पुढच्या मिरवणुकीनंतरच्या हळदीला तो हेच करेल, फक्त जास्त मेगापिक्सेलमध्ये.

मांडवातल्या पांढऱ्या फोटोंपासून सुरुवात करू. रात्री चित्ररथांसाठी तुम्ही आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ६४०० केला असणार आणि तो तिथे योग्यच होता. पण कॅमेरा बंद केला म्हणून आयएसओ आपोआप खाली येत नाही. आता हिशेब बघा. कडक उन्हात एफ १६ (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ठेवलं तर शटर, म्हणजे ते उघडं राहण्याचा सेकंदातला वेळ, साधारण "१ भागिले आयएसओ" इतकं लागतं, हा फोटोग्राफरांचा जुना ठोकताळा. म्हणजे ६४०० ला १/६४००. तुम्ही एफ २.८ वर असाल तर प्रकाश बत्तीसपट जास्त आत येतो, म्हणजे शटर १/२,००,००० च्या आसपास हवं. मांडवाच्या कापडाखाली ऊन आठपट कमी झालं असं धरलं तरी १/२५,००० लागेल. सुरुवातीच्या दर्जाच्या बहुतेक डीएसएलआरची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांची) धाव १/४००० वर संपते. उरलेला सगळा प्रकाश फोटोत जातो आणि पांढरी टोपी, झब्बा, मांडवाची झालर हे सगळं एकच पांढरं होतं. कॅमेऱ्याने इशारा दिला होताच: व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) ४००० हा आकडा लुकलुकत असणार. हळदीच्या गडबडीत तिकडे बघतो कोण!

ओसरीवर उजेड मंद होता, म्हणून तिथे ६४०० खपून गेला. तिथे निळेपणा आला तो व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवणाऱ्या सेटिंगमुळे. रात्रीच्या पिवळ्या दिव्यांसाठी तुम्ही बल्बचं चिन्ह निवडलं असणार. त्या सेटिंगवर कॅमेरा पिवळेपणा मारण्यासाठी निळा वाढवतो, आणि दिवसाच्या उजेडात तोच निळा चेहऱ्यावर दिसतो. तुम्ही फक्त जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो, काढता असं दिसतं. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, काढलं असतंत तर संगणकावर एका क्लिकमध्ये रंग जागेवर आला असता. जेपेगमध्येही टेम्परेचरची पट्टी पिवळ्याकडे सरकवून बरंचसं सावरता येईल. आधी पांढऱ्या कपड्यावर रंग जुळवा, मग चेहरे बघा. मांडवातले पांढरे फोटो मात्र सोडून द्या. जिथे पिक्सेलमध्ये पांढऱ्याशिवाय काही नोंदलंच गेलं नाही, तिथे ओढून आणणार काय?

तपासणीचा क्रम याच फरकावर लावायचा. जे नंतर अजिबात सुधारत नाही ते आधी बघा, जे सुधारतं ते शेवटी. बहुतेक जण उलटं करतात, रंगाशी खेळत बसतात आणि कार्ड विसरतात. आधी कार्ड आणि बॅटरी, कारण फोटो निघालाच नाही तर पुढचं सगळं फुकट. मग फाइलचा प्रकार आणि आकार. कुणाला व्हॉट्सअपवर पटकन पाठवायचे म्हणून आकार "स्मॉल" केला आणि तो तसाच राहिला, तर त्या फोटोंतून १२ बाय ३६ इंचांचा अल्बम निघत नाही. मग फोकस, मग शटर, मग आयएसओ आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा काळपट करायची सेटिंग). व्हाइट बॅलन्स सगळ्यात शेवटी, आणि रॉ काढत असाल तर त्याची फार काळजीही नको.

दुसरी गोष्ट वेळेची. ही तपासणी सकाळी निघताना करायची नसते. सकाळी गाडी दारात उभी असते, कुणीतरी हाका मारत असतं, आणि डोळे मेनूवरून नुसते फिरतात. काम संपवून घरी आलात की त्याच रात्री, कार्ड रिकामं करण्याआधी कॅमेरा मूळ सेटिंगवर आणायचा. रात्री एक वाजता अंगात त्राण नसतं हे खरं, पण कामाला पाच मिनिटंही लागत नाहीत.

मूळ सेटिंग म्हणजे काय ते एकदाच ठरवा. लग्नकार्याच्या कामाला आमच्या मते हे पुरतं: रॉ अधिक मोठं जेपेग, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ३२००, त्याच मेनूत किमान शटर १/२५० ठरवायची सोय असेल तर तेही, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन शून्य, व्हाइट बॅलन्स ऑटो, सेल्फ टाइमर आणि ब्रॅकेटिंग (एकच फोटो वेगवेगळ्या उजेडात काढणं) बंद, ड्राइव्ह (एका दाबात किती फोटो) सिंगल किंवा हळू कंटिन्युअस, फोकस कंटिन्युअस. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, असेल तर चेहरा आणि डोळा ओळखण्याची सोय चालू आणि शटर मेकॅनिकल. मोड डायलवर कॅननमध्ये सी १, निकॉनमध्ये यू १ किंवा सोनीत १ असेल तर हे सगळं तिथे साठवून टाका. मग डायल फिरवला की कॅमेरा जागेवर. कॅननमध्ये एक खाच आहे: कस्टम मोडचा "ऑटो अपडेट" चालू राहिला तर काम करताना केलेले बदल त्यातच साठत जातात आणि मूळ सेटिंग हळूहळू बिघडते. तो बंद ठेवा. तुमच्या मॉडेलवर कस्टम मोड नसेल तर वरची यादी कागदावर लिहून बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवा. मेनूतलं सरसकट "रीसेट" वापरू नका. त्याने फाइलचा प्रकार कंपनीच्या सेटिंगवर जातो, आणि तो सहसा नुसता जेपेग असतो.

सेल्फ टाइमरचं विशेष सांगण्याचं कारण असं. ट्रायपॉडवर काम करताना हादरा नको म्हणून २ सेकंदांचा टाइमर लावतात. तो तसाच राहिला तर अंतरपाट दूर होतो, वधू-वर एकमेकांच्या गळ्यात हार घालतात, आणि तुमचा कॅमेरा बीप-बीप करत उभा. ब्रॅकेटिंग राहिलं तर तीनातला एक फोटो बरा, एक काळपट, एक उजळ, आणि अर्धा कार्यक्रम झाल्यावर कळतं.

डायलवर न दिसणारी तीन बटणं वेगळी तपासायला हवीत, कारण कस्टम मोड त्यांना हात लावत नाही. लेन्सवरचं एएफ-एमएफ बटण बॅगेत घासून सरकतं. शटर अर्धवट दाबून जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर फोकस फिरतोय का बघा. लेन्समधला स्टॅबिलायझर (हाताचा हादरा शोषणारी सोय) हातात धरून काम असेल तर चालू, जुन्या लेन्सवर ट्रायपॉड असेल तर बंद. तिसरी व्ह्यूफाइंडरजवळची डायॉप्टरची, म्हणजे डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवायची, चकती. ती फिरली की सगळं धूसर दिसतं आणि माणूस लेन्सला दोष देतो. ती जुळवताना समोरच्या माणसाकडे बघू नका, व्ह्यूफाइंडरमधल्या आकड्यांकडे बघा. आकडे कोरीव दिसले की जुळली.

आता कार्ड. एसडी कार्डच्या डाव्या कडेला एक इवलंसं सरकतं बटण असतं. ते सोनेरी पट्ट्यांच्या बाजूला असलं की कार्ड उघडं, खाली सरकलं की लॉक. स्लॉटमध्ये घालताना कडेला घासून ते खाली येतं, आणि कार्ड जुनं असेल तर ते इतकं सैल होतं की दर वेळी येतं. मुहूर्ताला असं झालं तर कार्ड काढा, बटण वर करा, नखाने दाबून धरत आत सारा. बटण तुटूनच गेलं असेल तर त्या खाचेवर पातळ चिकटपट्टी लावली की कॅमेरा लिहायला लागतो. पण हा उपाय त्या दिवसापुरता. पट्टी स्लॉटमध्ये सुटली तर नवं दुखणं. ते कार्ड कामातून काढून टाका. मायक्रो एसडी अडॉप्टरमध्ये घालून लग्नाला वापरू नका. जोड जितके जास्त, तितकी तुटण्याची ठिकाणं जास्त.

कार्ड फॉरमॅट संगणकावर नव्हे, कॅमेऱ्यातच करायचं. आणि त्यातले फोटो दोन ठिकाणी पोहोचल्याशिवाय करायचंच नाही. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबी होते. ६४ जीबीच्या कार्डवर नुसत्या रॉ दोन हजारांच्या आसपास बसतात, सोबत जेपेग ठेवलं तर दीडेक हजार. एका १२८ पेक्षा दोन ६४ बरी: मुहूर्ताआधी एक, नंतर दुसरं. बाजारात खोट्या क्षमतेची कार्डं पुष्कळ फिरतात. कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. नवं कार्ड घेतलं की कामाला नेण्याआधी ती चाचणी करा. आणखी एक: मेनूत "कार्ड नसताना शटर चालू द्यावं का" असा पर्याय असतो. सेकंडहँड कॅमेऱ्यात तो अनेकदा चालू सापडतो. बंद करा, नाहीतर रिकाम्या कॅमेऱ्याने अर्धी वरात काढून होईल.

बॅटरीची अवस्था कॅननच्या काही मॉडेलांत मेनूतल्या तीन चौकोनांवर दिसते, निकॉनच्या काहींत ० ते ४ आकड्यावर. ० म्हणजे नवी. स्वस्तातल्या बाहेरच्या बॅटऱ्या हे धड दाखवत नाहीत. टेबलावर ठेवून गिरकी द्या. भोवऱ्यासारखी फिरली तर पोट फुगलंय. अशी बॅटरी आत घालू नका, अडकते आणि काढायला दुरुस्तीवाला लागतो. भरलेल्या बॅटरीला रबरबँड लावा, वापरली की काढा. खानापूरकडच्या गावांत पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा चार्जिंग आदल्या संध्याकाळी उरकलेलं बरं, रात्रभरावर सोडू नका.

फ्लॅशबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्याकडे तिथे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत.

तीनात एकदा पेटतो याची कारणं दोन. पहिलं सेल. फ्लॅशमधले डबल-ए आकाराचे चार पेन्सिल सेल एकामागे एक जोडलेले असतात. तीन नवे आणि एक जुना असेल तर जुना आधी बसतो आणि तिघांनाही अडवतो. म्हणून चार-चारचे संच करा, मार्करने अ आणि ब लिहा, संच एकत्रच भरा आणि एकत्रच वापरा. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि साध्या अल्कलाइनवर १.५, म्हणून अल्कलाइन चांगले असं वाटतं. फ्लॅशला मात्र एकदम मोठा प्रवाह लागतो, आणि तो रिचार्जेबल जास्त सहज देतात, त्यामुळे फ्लॅश लवकर भरतो. आदल्या रात्री फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवून पाच वेळा पेटवा आणि तयार असल्याचा दिवा पुन्हा लागेपर्यंतचे सेकंद मोजा. भरलेल्या चांगल्या संचाला तीनेक सेकंद लागतात. सात-आठ लागले तर संचात एक सेल मेलेला आहे. कार्यालयात शोधण्यापेक्षा तो घरीच शोधा. कामात पूर्ण ताकद वापरू नका. आयएसओ ८०० करा आणि फ्लॅश १/४ किंवा १/८ वर ठेवा. सेल पुरतात, फ्लॅश तापत नाही. काम झालं की सेल बाहेर. आत राहिलेले अल्कलाइन सेल गळतात आणि पट्ट्या खातात.

दुसरं कारण ट्रिगरचा चॅनेल. मोठ्या लग्नांत तुमच्याशिवाय आणखी एक-दोन फोटोग्राफर असतात. स्वस्त ट्रिगर कंपनीकडून चॅनेल १ वर येतात आणि कुणी ते बदलत नाही. मग दुसऱ्याने बटण दाबलं की तुमचा फ्लॅश पेटतो, आणि तुम्ही दाबता तेव्हा तो अजून भरत असतो. सेल चांगले असूनही असं होत असेल तर स्टेजवर चढण्याआधी दुसऱ्या फोटोग्राफरला सरळ विचारा, "तुमचा चॅनेल कुठला?" ट्रिगर आणि फ्लॅश दोन्हीवर वेगळा चॅनेल लावा आणि एक चाचणी फोटो काढा.

काळा पट्टा शटरचा. ठरावीक वेगापुढे शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात. दुसरा निघालेला असतो तेव्हा पहिला अजून पोहोचतो आहे, आणि फ्लॅश मधल्या चिरेवरच पडतो. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० किंवा १/२५०. कंपनीचा फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर लावला तर कॅमेरा स्वतःच शटर अडवतो. साध्या ट्रिगरला तो ओळखत नाही आणि १/५०० सुद्धा जाऊ देतो. तुम्ही मॅन्युअल मोडमध्ये १/१६० वर राहा. स्वस्त ट्रिगर किंचित उशीर करतात, म्हणून ऐन मर्यादेवर काम नको.

मिररलेस वापरणाऱ्यांना आणखी एक पट्टा भेटतो: आडव्या काळ्या-उजळ रेघा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतो आणि ते चढउतार रेघा होऊन दिसतात. शटर मेकॅनिकल करा, वेग १/५० किंवा १/१०० ठेवा, अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. स्टेजमागच्या एलईडी भिंतीची गती वेगळी असते. तिथे एक-दोन वेग बदलून बघण्याला पर्याय नाही.

जागेवर पोहोचलात की एकच फोटो काढा, पण नीट बघा. जिथे जोडपं बसणार तिथे कुणालातरी उभं करा, फोटो काढून १०० टक्के मोठा करा. पापण्या सुट्या दिसतात का? हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटलाय का? हायलाइटचा (फार उजळ भागांचा) इशारा पांढऱ्या कपड्यावर लुकलुकतो का? जोडीदार दुसरा कॅमेरा घेऊन असेल तर दोन्हींची घड्याळं आदल्या रात्रीच मिनिटासकट जुळवा. नाहीतर अल्बम लावताना अक्षता आधी पडतील आणि अंतरपाट नंतर धरला जाईल.

भुकटीचं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे ती फार. शिवजयंतीतला गुलाल, सौंदत्तीच्या यल्लमा डोंगरावरचा भंडारा, घरची हळद: तिन्ही इतकी बारीक की झूम फिरवताना लेन्सच्या नळीतून आत शिरतात. अशा ठिकाणी लेन्स बदलायची नाही. एकच लावून जा, पुढे साधा यूव्ही फिल्टर लावा. घरी आल्यावर आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर कापड. थेट ओलं कापड फिरवलं की हळद काचेवर आणि रबरावर बसते. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात.

सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) धूळ आहे का बघायचं तर एफ १६ वर, फोकस बिघडवून, मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. करडे ठिपके दिसले तर धूळ आहे. लग्नात एफ २.८ ला ते जाणवत नाहीत, पण हलशीच्या देवळांमागचं आभाळ एफ ११ ला काढलंत की सगळे दिसतील. आरसा वर करण्याची सोय मेनूत असते. कॅमेरा पालथा धरून ब्लोअर मारा. त्याने नाही गेलं तर सर्व्हिसवाल्याकडे द्या.

जांबोटी, कणकुंबीच्या पावसाला दोन तयाऱ्या लागतात. काम करताना जाड प्लॅस्टिक पिशवी, तिला भोक, भोकातून लेन्स बाहेर आणि हूडवर रबरबँड. खिशात कोरडे कापडाचे तुकडे तीन-चार. गोकाक धबधब्यासमोर पाऊस नसला तरी तुषार काचेवर येतात, तिथेही हेच. एसी गाडीतून उतरलात तर कॅमेरा वीसेक मिनिटं बंद बॅगेतच राहू द्या. गार काचेवर दमट हवा लागली की बाष्प धरतं, आणि पुसलं की पुन्हा धरतं.

दुसरी तयारी घरी, आणि ती जास्त महत्त्वाची. हवेतला दमटपणा दिवसच्या दिवस ६५-७० टक्क्यांवर राहिला की लेन्सच्या आत बुरशी धरते, आणि खानापूर तालुक्यात पावसाळाभर तो त्याच्या वरच असतो. ओल्या बॅगेत किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलेली लेन्स पहिली जाते. रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये हवा. नारिंगीवरून हिरवं होणारं जेल मंद आचेवर कढईत, रंग परत येईपर्यंत गरम करून पुन्हा वापरता येतं. निळ्यावरून गुलाबी होणाऱ्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात नको. भिजलेला कॅमेरा बॅटरी आणि कार्ड काढून पंख्याखाली ठेवा. तांदळात पुरू नका, तांदळाची भुकटी आत जाते. चुलीजवळही नको. महिन्यातून एकदा लेन्स सुटी करून टॉर्च तिरकी धरून आत बघा. सुटे ठिपके धुळीचे, त्यांनी फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लगेच दुरुस्तीला द्या. उशीर झाला की बुरशी काचेवरचा लेपच खाते.

आता पैसे कुठे घालायचे. या हंगामात दोन चांगली ६४ जीबी कार्डं, मग रिचार्जेबल सेलचे दोन संच आणि प्रत्येक सेल वेगळा भरणारा चार्जर, मग कंपनीची एक जादा बॅटरी. डबा आणि जेल मिरगाआधी. ड्राय कॅबिनेट, म्हणजे दमटपणा आटोक्यात ठेवणारं कपाट, लेन्सेस चार-पाच झाल्या की बघू. आणि कार्डांच्या आधी, आज रात्रीच, कॅमेरा हातात घेऊन आयएसओ किती आहे ते बघा.